आचार्य रे : पदवी विलायतेची, औषधे देशी

१८७४ साली कलकत्त्याच्या हेअर स्कूलमध्ये शिकणारा तेरा वर्षांचा एक मुलगा आव होऊन अंथरुणाला खिळला. त्या काळच्या बंगालात आव हा घरोघरचा आजार होता. कुणी आठवड्यात उठे, कुणी उठतच नसे. या मुलाचा आजार मध्येच अडकला. तीव्र दुखणे ओसरले, पण आव जुनाट होऊन शरीरातच मुक्कामाला राहिली. शाळा सुटली आणि पुढची दोन वर्षे त्याने घरात, वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर काढली. त्या मुलाचे नाव प्रफुल्लचंद्र रे. पुढे भारतातल्या आधुनिक रसायनशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले गेले, औषधांचा मोठा कारखाना त्यांनी उभा केला आणि वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत जगले. पण त्या आवेने त्यांची पाठ कधी पूर्ण सोडली नाही. मोजके जेवण, ठरल्या वेळी फिरणे आणि हट्टी निद्रानाश हे सारे त्या दोन वर्षांनी त्यांच्या अंगाला लावले.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१चा, आज बांगलादेशात असलेल्या खुलना जिल्ह्यातल्या राडुली गावचा. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते, फारसी-इंग्रजी जाणणारे आणि नव्या विचारांचे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८७० मध्ये कलकत्त्यात बिऱ्हाड केले. जमीनदारी मात्र हळूहळू कर्जात बुडत चालली होती. मुलांपैकी एखाद्याला विलायतेला धाडावे ही त्यांची इच्छा होती. ते परवडण्याचे दिवस मागे पडले होते.

आजारपणातल्या दोन वर्षांत प्रफुल्लचंद्रांनी शाळेत वाचून झाले नसते इतके वाचले. इतिहास, इंग्रजी साहित्य आणि न्यूटन, गॅलिलिओ, फ्रँकलिन यांची चरित्रे यांत ते रमले. लॅटिनची गोडीही याच काळातली. ही लॅटिन पुढे इतकी उपयोगी पडेल असे तेव्हा त्यांना वाटले नसावे.

शाळा संपवून ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. हे कॉलेज भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेले आणि फी कमी असलेले होते. पण विज्ञान शिकवायला लागणारी साधने तिथे नव्हती. त्यामुळे रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकायला विद्यार्थी सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजात बाहेरचे म्हणून जात. तिथे अलेक्झांडर पेडलर शिकवत. पेडलरांचे हात प्रयोगात इतके सफाईदार चालत की प्रफुल्लचंद्रांनी आणि एका वर्गमित्राने बिऱ्हाडाच्या खोलीतच छोटी प्रयोगशाळा थाटली. एकदा साध्या पत्र्याकडून बनवून घेतलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची फुंकनळी त्यांनी पेटवली आणि ती स्फोट होऊन फुटली. दोघेही सुखरूप राहिले हे नशीब.

रसायनशास्त्र शिकायचे ठरले, पण कुठे? १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली होती. ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे होती. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा नव्हत्या. संशोधन करावे, नवा पदार्थ शोधावा, ही कल्पना त्या चौकटीत कुठेच बसत नव्हती. राज्यकारभाराला कारकून, वकील, दुय्यम अंमलदार आणि डॉक्टर हवे होते आणि शिक्षण तेवढ्यापुरते बेतलेले होते. मोठ्या जागांच्या चाव्या लंडनमध्ये होत्या. सनदी नोकरीची परीक्षा तिथे, बॅरिस्टरी तिथे, भारतीय वैद्यकीय सेवेची परीक्षाही तिथेच. ज्याला वर चढायचे त्याने आधी समुद्र ओलांडायचा. पण त्यासाठी सरकार पैसे देईल, तर तेही फारसे नाही. १८६८ मध्ये हिंदुस्थान सरकारने विलायतेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या आणि अल्पावधीतच लंडनच्या आदेशावरून त्या गुंडाळल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या १८८६ मध्ये, अगदी मोजक्या.

मधल्या काळात श्रीमंत घरातल्या नसलेल्या मुलापुढे एकच दार होते, गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीचे. तिची जन्मकथा मजेदार आहे. जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट हा स्कॉटिश शल्यवैद्य १७८२ मध्ये आरमाराबरोबर मुंबईला उतरला, पुढे हिंदुस्थानी भाषेचा पंडित झाला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीजवळ बालमेन इथे त्याने एका मित्राकडून नाममात्र किमतीत जमीन घेतली होती. शहर वाढले तसे तिचे मोल वाढले आणि मृत्युपत्राप्रमाणे ती संपत्ती शिक्षणासाठी स्थापलेल्या न्यासाकडे गेली. बंगालच्या खेड्यातल्या मुलाला रसायनशास्त्र शिकवण्याचा खर्च असा सिडनीच्या जमिनीतून निघाला.

ही परीक्षा लंडन विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या तोडीची असे. इंग्रजीखेरीज संस्कृत, लॅटिन आणि एखादी आधुनिक युरोपीय भाषा यावी लागे. प्रफुल्लचंद्रांनी तयारी जवळजवळ गुपचूप केली. घरातल्या एकदोघांनाच ती ठाऊक होती. कॉलेजात बातमी फुटली तेव्हा एका हुशार सहाध्यायाने भर वर्गात त्यांची टिंगल केली. १८८२ मध्ये निकाल वर्तमानपत्रात आला. साऱ्या हिंदुस्थानातून दोघे निवडले गेले होते. एक मुंबईचे बहादुरजी नावाचे पारशी विद्यार्थी आणि दुसरे प्रफुल्लचंद्र रे. आता घरी सांगणे भाग होते. समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, असे मानणारे नातेवाईक भोवती असतानाही आईने परवानगी दिली. पडत्या घराचे दिवस आपण परत आणू, असे काहीसे आश्वासन देऊन एकवीस वर्षांचा मुलगा बोटीत बसला.

बोटीने लंडनला पोहोचायला महिनाभराहून अधिक काळ लागला. तिथे जगदीशचंद्र बोस त्यांना भेटले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. ऑक्टोबरमध्ये प्रफुल्लचंद्र एडिनबरोला गेले. वर्षाला १०० पौंडांत राहणे, जेवण, फी आणि कडाक्याच्या थंडीचे कपडे एवढे सारे भागवायचे होते. लंडनपेक्षा एडिनबरो स्वस्त होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या पोटाला मानवले. थंड हवा, स्वच्छ पाणी आणि ओटची साधी लापशी यांवर आव बरीच आटोक्यात राहिली. कलकत्त्यात जे औषधांनी झाले नव्हते ते पाण्याने झाले, असे आजच्या वैद्यकाच्या नजरेतून म्हणता येते. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्यातल्या तळ्याच्या पाण्यात दाखवला तो याच काळात, १८८४ मध्ये.

त्यांचे गुरू अलेक्झांडर क्रम ब्राऊन. रेणूंची रचना कागदावर रेषांनी दाखवण्याची जी पद्धत आज अकरावीचा विद्यार्थी वापरतो, तिच्या आद्य प्रवर्तकांपैकी ते एक. औषधाची रचना बदलली की शरीरावरचा परिणाम कसा बदलतो, याचा पद्धतशीर अभ्यासही त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केला होता. म्हणजे औषधनिर्माणाचे मूळ तत्त्व ज्यांनी ओळखले त्यांच्याकडेच हा विद्यार्थी जाऊन पोहोचला. पेडलरांच्या वर्गात पाहिलेले प्रयोग इथे स्वतःच्या हातांनी, तासन्तास करता येत होते.

१८८५ मध्ये विद्यापीठाने बंडाच्या आधीचा आणि नंतरचा हिंदुस्थान या विषयावर निबंधस्पर्धा लावली. बी.एस्सी.ची परीक्षा तोंडावर असताना प्रफुल्लचंद्रांनी रसायनशास्त्र बाजूला ठेवले आणि ग्रंथालयातून अर्थकारण, इतिहास, सरकारी अहवाल असे गठ्ठेच्या गठ्ठे आणून वाचले. निबंधात त्यांनी इंग्रजी राज्यावर, विशेषतः शिक्षणावर होणाऱ्या तुटपुंज्या खर्चावर, सडकून टीका केली. परीक्षकांत विद्यापीठाचे प्रमुख सर विल्यम म्यूर होते. हे गृहस्थ त्याआधी वायव्य प्रांताचे नायब गव्हर्नर होते. बक्षीस दुसऱ्याला मिळाले, पण या निबंधाची दखल म्यूर यांना घ्यावीच लागली. त्यातल्या कडवट सुराबद्दल नाराजी दाखवतानाच त्यांनी त्याचे मोलही मान्य केले. प्रफुल्लचंद्रांनी निबंध स्वतःच छापून वाटला. सरकारी नोकरी मागायला निघालेल्या माणसाने हे करावे की नाही हा व्यवहाराचा प्रश्न, आणि व्यवहारात ते कधीच फार हुशार नव्हते.

१८८७ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. प्रबंध तांबे आणि मॅग्नेशियमच्या गटातल्या जोडसल्फेट क्षारांवर होता. होप शिष्यवृत्ती मिळाल्याने आणखी एक वर्ष काम करता आले. विद्यापीठाच्या रसायन संस्थेचे उपाध्यक्षपदही मिळाले. विज्ञानाची इतकी मोठी पदवी घेऊन हिंदुस्थानात परतणारे लोक तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेही नव्हते.

आणि इथून खरी अडचण सुरू झाली. सरकारी कॉलेजातल्या वरच्या प्राध्यापकांची नेमणूक लंडनमधला भारतमंत्री करी आणि त्या जागा बहुतेक इंग्रजांसाठी राखल्यासारख्याच होत्या. क्रम ब्राऊन यांनी शिफारस केली. निबंधावर नाक मुरडणाऱ्या म्यूर यांनीही मोकळ्या मनाने शब्द टाकला. प्रफुल्लचंद्र लंडनमध्ये काही काळ थांबून राहिले. जागा मिळाली नाही. कलकत्त्याला जाऊन तिथल्या सरकारकडे अर्ज करावा, एवढाच मार्ग उरला.

ऑगस्ट १८८८ मध्ये ते कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा खिसा रिकामा होता. बोटीवरच्या खजिनदाराकडून आठ रुपये उसने घेतले आणि सामान त्याच्याकडे ठेवून ते बाहेर पडले. मित्राच्या घरी पोहोचल्यावर पहिली मागणी धोतर आणि चादरीची केली आणि विलायती कपडे उतरवले. पुढचे जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरी नव्हती. हे दिवस त्यांनी मुख्यतः जगदीशचंद्र आणि अबला बोस यांच्या घरी काढले. वेळ घालवायला त्यांनी रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरचा जुना ग्रंथ हाती घेतला, झाडे गोळा केली, ओळखली. ही बेकारीतली वनस्पतिविद्या पुढे औषधांच्या कारखान्यात कामी आली.

जगदीशचंद्रांची कहाणीही याच धोरणाने लिहिली होती. प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय प्राध्यापकाला त्याच कामासाठी इंग्रजाच्या दोनतृतीयांश पगार, आणि जागा हंगामी असेल तर त्याचाही निम्मा. बोस यांनी निषेध म्हणून तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. प्रफुल्लचंद्रांची पाळी आली तेव्हा व्यवस्थेने वेगळी वाट काढली. जुलै १८८९ मध्ये त्यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात हंगामी सहायक प्राध्यापक नेमण्यात आले, महिना २५० रुपयांवर. शिक्षण संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे त्यांनी गाऱ्हाणे नेले. एवढ्या पदवीचा इंग्रज आला असता तर त्याला कोणती जागा मिळाली असती, असा त्यांचा सरळ सवाल होता. क्रॉफ्ट चिडले. जगात दुसरेही उद्योग आहेत, ही नोकरी घेण्याची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी विषय संपवला. पुढे १८९६ मध्ये हीच विषमता कायदेशीर झाली. शिक्षणखात्याचे दोन भाग पडले, एक विलायतेत भरती होणारा वरिष्ठ आणि दुसरा इथल्या माणसांसाठी प्रांतिक. प्रफुल्लचंद्र जवळजवळ सारी सरकारी नोकरी दुसऱ्या भागात राहिले.

नोकरी त्यांनी घेतली, पण दुसऱ्या उद्योगाची गोष्टही मनावर घेतली.

कॉलेजातले त्यांचे पहिले संशोधन स्वयंपाकघरातले होते. बाजारातल्या तुपात आणि मोहरीच्या तेलात भेसळ होते हे सगळ्यांना माहीत होते, पण सिद्ध कसे करायचे? त्यासाठी आधी शुद्ध तूप आणि शुद्ध तेल यांचे रासायनिक गुणधर्म आकड्यांत माहीत हवेत. युरोपातल्या लोण्याचे आकडे इथल्या गाईम्हशींच्या लोण्याला लावता येत नव्हते. म्हणून प्रफुल्लचंद्रांनी आपल्यासमोर गाय दोहवून घेतली, त्याच दुधाचे लोणी काढवले, मोहरी घाण्यात घालून आपल्या डोळ्यांदेखत तेल गाळून घेतले आणि मग तपासणी केली. सुमारे तीन वर्षांच्या या कामावरचा निबंध १८९४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. अन्नभेसळ ओळखण्याची सारी शिस्त आजही याच पायरीपासून सुरू होते. अस्सल काय ते आधी मोजायचे, मग नक्कल पकडायची.

दुसरे संशोधन अपघाताने हाती आले. पाऱ्यावर विरळ, थंड नायट्रिक आम्ल ओतले तेव्हा पृष्ठभागावर पिवळे स्फटिक जमले. आधी तो नेहमीचा एखादा क्षार वाटला. तपासल्यावर कळले की हा मर्क्युरस नायट्राइट आहे, आणि हा पदार्थ तोवर कुणी शुद्ध रूपात हाती घेतला नव्हता. मर्क्युरस रूपातला पारा चंचल, नायट्राइटही चंचल; दोघे एकत्र आले की मात्र टिकाऊ स्फटिक. १८९६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि नायट्राइटांचा एक मोठा परिवार पुढच्या वीस वर्षांत कलकत्त्यातून जगापुढे आला. १९१२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी अमोनियम नायट्राइटवरचे काम मांडले तेव्हा सर विल्यम रॅम्से यांनी त्याची वाखाणणी केली.

पाऱ्याच्या नादानेच ते जुन्या रसशास्त्राकडे वळले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यांच्या प्रोत्साहनाने प्रफुल्लचंद्रांनी संस्कृत पोथ्या धुंडाळून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९०२ मध्ये आला. भस्मे, कज्जली, ऊर्ध्वपातनाची यंत्रे यांची नोंद त्यांनी अभिमानाने केली. पण पुढे प्रयोग का थांबला, हाताने काम करणारा आणि डोक्याने विचार करणारा यांच्यात जातीची भिंत कशी उभी राहिली, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आपल्याकडे सगळे आधीच होते असे म्हणणाऱ्यांना हा ग्रंथ हवा असतो, पण त्यातले हे प्रकरण फारसे कुणी काढत नाही.

या साऱ्याबरोबरच कारखान्याचे काम चालू होते. विलायतेची औषधे बोटीने येत, महाग पडत. साधे सोडियम फॉस्फेटही बाहेरून येई आणि इथली हाडे मात्र परदेशी जात. १८९२ मध्ये पगारातून साठवलेल्या सुमारे ७०० रुपयांवर प्रफुल्लचंद्रांनी ९१, अपर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात उद्योग मांडला. नाव दिले बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स. हाडे जाळून राख करायची, त्यावर गंधकाम्ल टाकायचे, मग सोडा घालून फॉस्फेट मिळवायचे. खाटकांकडून आणलेली पोतीभर हाडे गच्चीवर वाळत टाकली आणि अवेळी पाऊस आला. हाडे कुजली, दुर्गंध सुटला, कावळे ती उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात टाकू लागले. शेजाऱ्यांनी आरोग्यखात्याकडे तक्रार नेण्याची धमकी दिली. शेवटी हाडे गावाबाहेर नेऊन रात्री भट्टीत जाळली. आग पाहून गस्तीचा शिपाई आला. त्याला वाटले, कुणीतरी खून करून प्रेत जाळतो आहे. गुरांची हाडे पाहून त्याची समजूत पटली.

औषध बनवणे एक आणि विकणे दुसरे. दुकानदार सरळ सांगत की विलायती नावाची बाटली आपोआप खपते, तुमची कोण घेणार? इथे डॉ. अमूल्यचरण बोस मदतीला आले. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्यांनी कलकत्त्यातल्या इतर डॉक्टरांना देशी बनावटीची औषधे चिठ्ठीवर लिहायला तयार केले. गिऱ्हाईकच चिठ्ठी घेऊन आले म्हटल्यावर दुकानदारांना माल ठेवावा लागला. कल्पना अमूल्यचरण यांचीच होती की विलायती नमुन्याच्या औषधांबरोबर कविराज वापरतात ती झाडपाल्याची औषधेही प्रमाणित करून बाजारात आणावीत. अडुळशाचे सिरप, ओव्याचा अर्क, काळमेघाचा अर्क आणि कुड्याच्या सालीचा अर्क अशी यादी झाली. कोकणात आवेवर कुड्याची साल देणाऱ्या आजीबाईंना हे नवे वाटले नसते. नवे होते ते असे की दर बाटलीत औषधाचे प्रमाण तेच आणि अर्क काढण्याची रीत ठरलेली. बरे करणारे झाड जुनेच होते. त्याला वजनमाप आले. आणि ज्याच्या आतड्याने तेरा वर्षांच्या वयात आव भोगली होती त्याच्या कारखान्यातून कुड्याचा अर्क बाहेर पडू लागला.

प्रफुल्लचंद्र कॉलेज सुटले की दुपारी साडेचारच्या सुमारास कारखान्यात येत आणि सात वाजेपर्यंत काम करत. कारखान्यातून त्यांनी स्वतःसाठी पैसा घेतला नाही. या उभारणीला मोठी किंमत द्यावी लागली. सतीशचंद्र सिंह हा रसायनशास्त्राचा तरुण पदवीधर प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेने गेला. मुंबई-पुण्यात थैमान घातलेला प्लेग १८९८ मध्ये कलकत्त्यात पोहोचला आणि अमूल्यचरण प्लेगच्या रोग्यावर उपचार करताना स्वतःच त्याला बळी पडले. दोन्ही हात तुटल्यासारखी अवस्था झाली, तरी काम थांबले नाही. १९०१ मध्ये भागधारकांची कंपनी झाली, १९०५ मध्ये माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. गंधकाम्ल आता तिथेच बनू लागले. पुढे राजशेखर बसू यांनी व्यवस्थापक म्हणून ती नावारूपाला आणली. बंगाली वाचक त्यांना परशुराम या नावाने विनोदी लेखक म्हणून ओळखतात. १९३८ मध्ये कंपनी मुंबईत आली. प्रभादेवीला बसमधून बेंगॉल केमिकलच्या थांब्यावर उतरणाऱ्या कित्येकांना त्या नावामागे ७०० रुपये आणि पोतीभर हाडे आहेत हे माहीत नसते.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात राहत असताना शेजारी म्हणून प्रफुल्लचंद्रांचे त्यांच्याकडे येणेजाणे होते. १९०२च्या सुरुवातीला गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते. हे प्राध्यापक महिना ८०० रुपये मिळवतात, ४० स्वतःपुरते ठेवतात आणि उरलेले सार्वजनिक कामाला देतात, अशी ओळख गोखल्यांनी करून दिल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. कलकत्त्यात गांधीजींची दक्षिण आफ्रिकेवरची सभा घडवून आणण्यात प्रफुल्लचंद्रांचा पुढाकार होता.

१९१६ मध्ये ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि नव्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे कॉलेज कलकत्ता विद्यापीठाचे. त्यासाठी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी लाखो रुपये दिले आणि अट घातली की या अध्यासनांवर भारतीयच नेमायचे. सरकारने जे दार बंद ठेवले होते ते दोन देणगीदारांनी आपल्या पैशाने उघडले. तिथे विद्यार्थ्यांची एक पिढीच तयार झाली. प्रेसिडेन्सीत त्यांनी शिकवलेले मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस याच कॉलेजात शिकवू लागले. ज्ञानचंद्र घोष आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी इथूनच पुढे लंडनला गेले. प्रफुल्लचंद्रांचा परदेशी शिक्षणाला विरोध नव्हता. पण इथे काहीच न शिकता केवळ पदवीचा शिक्का आणायला आईबापांची जमीन गहाण टाकून जाणाऱ्या मुलांची त्यांना चीड येई. त्यांचे विद्यार्थी परदेशी गेले ते इथे संशोधन करून, शोधनिबंध हातात घेऊन. एडिनबरोच्या बोटीत बसलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाकडे असे काही नव्हते.

त्यांतले एक नीलरत्न धर. लंडन आणि पॅरिस अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९१९ मध्ये ते अलाहाबादला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेही त्याच वरिष्ठ सेवेत, जिचे दार गुरूंना कधी उघडले नव्हते. ज्या कॉलेजात ते गेले त्याचे नाव म्यूर सेंट्रल कॉलेज. एडिनबरोत प्रफुल्लचंद्रांचा निबंध तपासणाऱ्या आणि त्यांची शिफारस निष्फळ ठरलेल्या सर विल्यम म्यूर यांनीच ते स्थापले होते.

१९२१ मध्ये साठी पूर्ण झाल्यावर प्रफुल्लचंद्रांनी आपला पुढचा सारा पगार विद्यापीठाच्या रसायन विभागाला देऊन टाकला. त्या वर्षी खुलनात दुष्काळ पडला, पुढच्या वर्षी उत्तर बंगालात महापूर आला. दोन्ही वेळा सायन्स कॉलेजच्या इमारतीत धान्य-कपड्यांचे ढीग लागले आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी गठ्ठे बांधत बसले. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच होते.

त्यांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत ते राहत. एक खाट, थोडी भांडी, पुस्तके, आणि सोबतीला खर्च परवडत नाही म्हणून आश्रयाला आलेले दोनचार विद्यार्थी. संध्याकाळी मैदानावर फेरी, मोजके जेवण, रात्री लवकर अंथरूण. सरकारी नोंदीत ते सर झाले होते, विद्यार्थ्यांसाठी आचार्य. १६ जून १९४४ रोजी त्याच खोलीत, शिष्यांच्या सोबतीत त्यांनी शेवटचा श्वास घेतला.